उलट्या फटक्याची शिकवणी

४ फेब्रुवारी

दादा,

मोठ्या भावाला पत्र लिहिताना आधी साष्टांग नमस्कार लिहावा, असं बाबांनी शिकवलं होतं. लिहिला असं समज आणि पुढे चल.

तुझं कार्ड मिळालं. जाड कागद, वर तुझा फोटो. संगीत विद्यालयातून तू निवृत्त होतोयस, त्या दिवशी तुझा सत्कार आहे आणि तू त्या गाजलेल्या रेकॉर्डवरची धून पुन्हा वाजवणार आहेस. खाली पेनाने तुझ्या दोन ओळी : "खारू, तू शेजारी बसून नेहमीसारखी साथ करशील ना? जुनं सगळं विसरून जाऊ." बाबा गेल्यापासून तुझ्या हातच्या मला आलेल्या या पहिल्याच ओळी.

विसरून जाऊ म्हणे. तुला विसरायला काय आहे? आहे ते सगळं माझ्याकडे आहे.

गेल्या महिन्यात रेडिओवर तुझी मुलाखत लागली होती. मी थिएटरात होते. स्टेजच्या पुढ्यात, खाली, आम्हा वाजवणाऱ्यांसाठी खड्डा असतो ना, तिथे बसून तालमीआधी मॅन्डोलिनच्या तारा बदलत होते. हार्मोनियमवाले म्हणाले, "बाई, तुमचे बंधू लागलेत, या ऐकायला." मुलाखत घेणाऱ्या बाईंनी तुला विचारलं, "त्या धुनेतला संथ भाग ऐकताना अजून अंगावर काटा येतो. ती थरथर कशी साधलीत तुम्ही?" आणि तू म्हणालास, "काही गोष्टी हातातच असाव्या लागतात."

मी तार इतकी पिळली की तुटून गालावर बसली. हार्मोनियमवाल्यांना वाटलं, भावाच्या कौतुकाने माझे डोळे भरून आले.

कुणाच्या हातात रे, दादा?

आठवत नसेल तर आठवण करून देते. भिंतींना जुने गालिचे ठोकलेली ती रेकॉर्डिंगची खोली. आपण दोघं शेजारी, एकच धून एकदम वाजवत होतो. मॅन्डोलिनच्या तारा जोडीजोडीने असतात, एका सुराच्या दोन, आणि नखी दोघींना एकदम लागावी लागते, हे बाबांनी आपल्याला बोलता यायच्या आधी शिकवलं असेल. तुझा सुलटा फटका, वरून खाली येणारा, दोन्ही तारांवरून जायचा. उलटा फटका, खालून वर येणारा, एकीलाच लागायचा आणि हवेत निसटायचा. जलद वाजवताना ते खपून जायचं. पण संथ भागात, लांब सूर धरायला नखी सुलट-उलट थरथरवायची वेळ आली की तुझा दर दुसरा फटका अर्धा. एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखा तुझा सूर डुगडुगायचा.

रेकॉर्डिस्ट काचेमागून उठून बाहेर आला. आपल्या दोघांच्या मध्ये उभा राहून त्याने ऐकलं, आणि तुझ्यासमोरचा माइक उचलून माझ्यासमोर ठेवला. "आता घेऊ," म्हणाला. तू पाहिलंस. मीही पाहिलं.

रेकॉर्ड आली तेव्हा कव्हरवर तुझा एकट्याचा फोटो, तुझं एकट्याचं नाव. तू म्हणालास, कंपनीवाले कुणाचं ऐकतात का! पुढे तो फोटोग्राफर मला बाजारात भेटला. "काय ताई, झालं का लग्न? तुमचं ठरतंय, घरच्यांना नाव-फोटो नकोत, असं तुमचे बंधूच म्हणाले होते." माझं लग्न ठरत होतं? निदान मुलगा कोण तेवढं तरी मला सांगायचंस.

हेही मी गिळलं असतं. पण बाबा तेव्हा अंथरुणाला खिळले होते. ती रेकॉर्ड लावून डोळे मिटून पडायचे. मी पाय चेपत बसलेली. संथ भाग आला की म्हणायचे, "खारू, ऐक. याला म्हणतात हात. दादाकडून शीक जरा." मी म्हणायचे, "हो बाबा." जाणाऱ्या माणसाशी काय भांडायचं? तुझ्या हाताचं कौतुक करत करतच ते गेले.

नाव घे, फोटो घे, विद्यालयातली खुर्ची घे. पण बाबांच्या तोंडचं ते वाक्य माझं होतं. त्यासाठी मी तुला सोडणार नाही.

तर, मी येतेय. तुझ्या शेजारी बसेन, नेसून-सवरून, हसतमुखाने. संथ भाग सुरू होईल आणि मी हात उचलून मांडीवर ठेवीन. मग सगळ्या सभागृहाला ऐकू दे तुझा हात. अचानक केलं असतं तर तुझी फजिती क्षणभराची झाली असती. म्हणून आधीच कळवतेय. कार्यक्रमापर्यंत रोज जेवताना घास अडकू दे.

खारू

१९ फेब्रुवारी

दादा,

एका ओळीचं उत्तर पाठवलंस : "असा पोरकटपणा करू नकोस." चूक कबूल नाही, क्षमा नाही, नुसता मोठेपणा. बरं.

मी बाबांची मुलगी आहे, शिकवल्याशिवाय कुणाला नापास करणार नाही. तू इतकी वर्षं विद्यालयात मुलांना शिकवलंस, आता धाकट्या बहिणीकडून शिक. मांडी घालून बस. पाठ सरळ.

तुझा दोष मनगटात आहे. उलटा फटका मारताना तू हात वर उचलतोस, ताटातल्या गरम भाकरीला बोट लागल्यासारखा. हात वर गेला की नखी पहिल्या तारेला लागून सुटते, दुसरी तशीच राहते. उलट्यालाही हात सपाटच गेला पाहिजे. टेबलावरचं पाणी हाताने पुसताना आपण हात जसा नेतो तसाच परत आणतो, मध्ये उचलत नाही, तसं. नखी खोल खुपसू नकोस, टोकाने दोघींना नुसती पुसून जाऊ दे. आणि मुठीत गळा दाबल्यासारखी धरू नकोस. ती नखी आहे, मी नव्हे.

आता अभ्यास. जोडीतली एक तार मुद्दाम उतरव, चांगली बेसूर होईल इतकी. मग फक्त उलटे फटके वाजव. गोड ऐकू आलं तर समज की एकच तार लागली, म्हणजे चुकलास. कानात दाभण खुपसल्यासारखं वाजलं तर दोन्ही लागल्या. जितकं वाईट वाजेल तितका तू बरोबर.

आयुष्यभर गोड वाजवून टाळ्या घेतल्यास. आता थोडं खरं वाजव.

सकाळी उठल्याबरोबर करायचं. चहा नंतर.

खारू

६ मार्च

दादा,

काल वहिनीचा फोन आला होता. आधी तब्येत, मग हवा, आणि मग एकदम रडकुंडीला येऊन, "अगं, तू यांना काय लिहिलंस? दिवसभर दार लावून बसतात आणि इतकं भयंकर वाजवतात! खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई विचारायला आल्या, सर बरे आहेत ना? विद्यार्थी कुजबुजतायत की सरांचे कान गेले."

मी म्हटलं, "वहिनी, वाजवू दे. प्रगती आहे."

"कसली प्रगती! मी विचारलं, तार बेसूर लागलीय, दुरुस्त करा ना. तर माझ्यावर खेकसले."

फोन ठेवला आणि मी एकटीच स्वयंपाकघरात पोट धरून हसले. इतकी हसले की ओट्याला टेकून बसावं लागलं. किती वर्षांनी हसले कोण जाणे. मग जरा वेळाने लक्षात आलं की तू खरंच करतोयस. दार लावून. मी सांगितलं तसं. लहानपणी बाबांनी सांगितलेला अभ्यास तू कधी एक दिवस केला नव्हतास. खिडकीतून उडी टाकून पळायचास आणि मी तुझ्या वाटचं वाजवायचे, म्हणजे बाहेर बाबांना वाटावं दोघं बसलीत.

हे मी का लिहिलं कळत नाही. खोडायला हवं, पण खोडलेलं पत्र तुला पाठवणार नाही, तुला वाटेल माझा हात थरथरला.

पुढचा धडा. आता दोन्ही तारा सुरात लाव आणि सुलटा-उलटा एकाआड एक, अगदी हळू. दोघांचं वजन सारखं हवं. सुलटा थोरला आणि उलटा धाकटा, असं चालत नाही. तुझ्या घरात चाललं असेल, तारेवर चालत नाही.

माझा निश्चय तोच आहे. तू शिकलास म्हणून मी हात खाली ठेवणार नाही असं समजू नकोस.

खारू

२७ मार्च

दादा,

ही चिठ्ठी वहिनीच्या हाती देतेय. मी घरी उतरले नाही म्हणून तिला वाईट वाटलंय, तिची समजूत तू घाल. लॉजवरची खोली बरी आहे. खिडकीबाहेर टायरवाल्याचं दुकान आहे, दिवसभर हवा भरण्याचा आवाज येतो, पण तुझ्या पाहुण्यांच्या खोलीत बसून त्या रेकॉर्डच्या कव्हरकडे बघण्यापेक्षा टायर बरे.

आजची तालीम झाली. समोर तुझे विद्यार्थी बसले होते म्हणून आपण दोघं शहाण्यासारखे वागलो. तू थकलायस. कोपर दुखतंय हे लपवायला बाही खाली ओढत होतास, तेही पाहिलं. जलद भाग अजून देखणा वाजवतोस, त्यात खोट नाही. संथ भागात मी मुद्दाम हळू वाजवलं, तुझं ऐकू यावं म्हणून. उलटा दहातला एखाद-दुसराच लागतोय. मनगट सुटलंय, पण घाई आडवी येतेय.

तालमीनंतर पॅसेजमध्ये पाण्याच्या पिंपाजवळ तू मला गाठलंस. भांडं पुढे केलंस, मी घेतलं नाही. "खारू, थांबू नकोस," म्हणालास. "उद्या सगळे असतील. जावई येतोय. तू म्हणशील ते नंतर करतो."

मी विचारलं, "नंतर म्हणजे कधी? बाबा परत आल्यावर?"

तू भांडं खिडकीत ठेवलंस आणि निघून गेलास. तोंडाने द्यायचं राहिलेलं उत्तर आता लिहून देते : थांबणार.

खारू

२ एप्रिल

दादा,

तू तिथेच होतास, तरी घडलं ते मी लिहिणार आहे. तुझ्या बाजूने सांगायला तुझे शंभर विद्यार्थी आहेत. माझ्या बाजूने मीच.

सभागृह गच्च भरलं होतं. जलद भाग आपण असा वाजवला की मलाच भीती वाटली, हे बंद करायला जीव होईल का. आपले हात अजून एकमेकांना ओळखतात. मग तो लांब सूर आला, आणि मी हात उचलून मांडीवर ठेवला.

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. वाजवत राहिलास. पहिला सूर पातळ, डुगडुगता, तस्साच. दुसराही. तिसऱ्या सुराला मध्येच कुठेतरी नखी सपाट आली आणि दोन्ही तारा बोलल्या. भरून आल्यासारखा सूर झाला. मला ऐकू आलं. मग पुन्हा निसटला, आणि शेवटपर्यंत तू एका तारेवर लंगडत गेलास.

आणि लोक उठून उभे राहिले! सगळं सभागृह टाळ्या वाजवत उभं. पहिल्या रांगेतल्या बाई रुमालाने डोळे पुसत होत्या. तुझा जावई शिट्टी वाजवत होता. कुणाला काही कळलंच नाही, दादा. इतकी वर्षं दाताखाली धरून ठेवलेला माझा सूड मी भर सभेत काढला आणि तो कुणाला ऐकूसुद्धा आला नाही.

आतल्या खोलीत तू खुर्चीवर मॅन्डोलिन मांडीवर घेऊन बसला होतास. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. पुष्पगुच्छ जमिनीवर. वहिनी लोकांना दाराशी थोपवत होती.

"झालं समाधान?" तू विचारलंस.

मी म्हटलं, "कसलं समाधान? कुणाला कळलंय?"

"मला कळलं. तुला तेच हवं होतं ना?"

"तुला तर आधीपासून माहीत होतं. बाबांना कळायला हवं होतं."

तेव्हा तू मान वर केलीस. मग सावकाश म्हणालास, "बाबांना माहीत होतं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"रेकॉर्ड पहिल्यांदा लावली तेव्हाच म्हणाले, हा खारूचा हात आहे. मी कबूल केलं. मग म्हणाले, असू दे. ती काय, उद्या सासरी जाईल, वाजवणं सुटेल. तुला यावर पोट भरायचंय. नाव तुझंच राहू दे."

"मग मला का सांगायचे, दादाकडून शीक म्हणून?"

"तू कुठे बोलू नयेस म्हणून."

"आणि लग्नाची थाप?"

"ती माझी," म्हणालास. निदान तेवढं तरी स्वतःच्या अंगावर घेतलंस.

दादा, हे सांगताना तुझ्या चेहऱ्यावर दया नव्हती. लहानपणी मी तुझा पतंग फाडला की तू माझी बाहुली पाण्यात टाकून समोर उभा राहायचास, तोच चेहरा. फिट्टंफाट.

परत येताना प्रवासात स्वतःला सांगत होते, खोटं बोलतोय, माझ्यावर डूख धरून बोलतोय. पण बाबा आतल्या खोलीत पडल्या पडल्या, ओसरीवर येऊन बसलेला विद्यार्थी कोण, हे दोन फटक्यांत ओळखायचे. ज्यांना परक्या मुलांचे हात कळत होते, त्यांना माझा कळला नसेल?

मी त्यांचे पाय चेपत होते रे. आणि ते डोळे मिटून, सगळं माहीत असून, मला शिक म्हणत होते.

खारू

२८ एप्रिल

दादा,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिल्यात क्षमा मागितलीस. अक्षर वाकडं आलंय, कोपर दाखवून घे. क्षमेचं काय करायचं ते ठरलेलं नाही. ठेवून दिलीय.

दुसरं पत्र आलं त्याआधी उशीर झाला होता. झालं असं, मागच्या पत्रात मी हे तुझ्यापासून लपवलं होतं. त्या दिवशी सगळे तुझ्याभोवती गराडा घालून होते, तेव्हा मागच्या जिन्यावर एका बाईंनी मला हाक मारली. रेडिओवर तुझी मुलाखत घेतली होती त्याच. म्हणाल्या, "संथ भागात तुम्ही हात उचललात. चुकलात, की मुद्दाम?" अख्ख्या सभागृहात तेवढा एकच कान होता. मी फक्त पत्ता दिला. गेल्या आठवड्यात, तुलाही तसं कळवून, त्या टेपरेकॉर्डर घेऊन माझ्या घरी आल्या.

तू लिहिलंस, "माझ्याबद्दल काय सांगायचं ते सांग. चोर म्हण. पण बाबांचं काढू नकोस. त्यांचे विद्यार्थी अजून त्यांना देव मानतात. गेलेल्या माणसाला कशाला?" 

मी सांगितलं. सगळं. माइक कसा सरकला ते, कव्हर, लग्नाची थाप, बाबांचं "असू दे", आणि माझं "हो बाबा". तू त्यांना इतकी वर्षं झाकलंस, ते तुझं प्रेम असेल. माझ्याकडून त्यांनी ते मागू नये. तुझी शिक्षा सभेत कुणाला ऐकू आली नाही, त्यांची घरोघरी ऐकू जाईल. सांगताना माझा आवाज जराही कापला नाही. बाईंनी चहाला हातसुद्धा लावला नाही, तो तसाच निवला.

मग त्या म्हणाल्या, "तो संथ भाग वाजवता?" मी वाजवला. एकटीने, पहिल्यापासून शेवटपर्यंत. वाजवून झाल्यावर त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "उलटा फटका असा दोन्ही तारांवर यायला तुम्हाला कुणी शिकवलं?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं : कुणीही नाही, माझी मी शिकले.

पण दादा, हात अजून तारांवर होता. तू खिडकीतून पळून गेलास की, मी तुझ्या वाटचं वाजवलं तरी बाबा फसायचे नाहीत, माझ्या मागे येऊन बसायचे. माझं मनगट स्वतःच्या दोन बोटांत धरायचे, दाबायचे नाहीत, नुसतं धरायचे, वर उचलू द्यायचे नाहीत. त्यांच्या छातीतली खरखर माझ्या पाठीला लागायची. एक उन्हाळाभर आम्ही दुसरं काही वाजवलं नाही. तुला शिकवताना ते चिडायचे, माझ्यावर कधीच चिडले नाहीत. जे माझ्या हातात आहे ते त्यांनी स्वतःच्या हाताने तिथे ठेवलं, आणि ज्या दिवशी ते जगाला दिसायची वेळ आली त्या दिवशी म्हणाले, असू दे.

"बाबांनी शिकवलं," मी म्हटलं.

मग म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्यावर अजून रागावलेल्या आहात?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. हो म्हणायचंच होतं, अजूनही म्हणते. पण आवाज फुटेना. टेप फिरत होती, त्या वाट बघत होत्या, बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, आणि मी मॅन्डोलिन छातीशी धरून नुसती बसून राहिले.

तेवढं त्यांनी ठेवलंय की कापलंय, मला माहीत नाही. येत्या रविवारी सकाळी मुलाखत लागेल. तेव्हा माझा वर्ग असतो, मुली येतात, मी ऐकणार नाही. तू ऐक. वहिनीला, जावयाला शेजारी बसवून ऐक. मध्ये उठून बंद करू नकोस. आणि ते कापलेलं नसेल तर, मी किती वेळ गप्प होते, ते मला कळवू नकोस.

खारू